देवतांची मोजदाद

देवांना खेळांत ओढणें हें मूळांतच पाप, असें म्हणणारांनीं सावंतवाडीची दशावतारी गंजिफा एकदां हातीं घेऊन पाहावी. वाटोळीं १२० पानें, दहा अवतारांचे दहा रंग; प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. दिवसा डाव मांडला तर आरंभ रामाकडे, रात्रीं मांडला तर कृष्णाकडे. रूढ खेळांत हुकूम नाहीं; त्यामुळें नृसिंह वराहाहून बलवान कीं दुर्बल, हा प्रश्नच तेथें उपस्थित होत नाहीं.

आमच्या कांहीं विद्यार्थ्यांना ज्यांचें वेड लागलें आहे, त्या भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळांत मात्र हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी पुरोहित होतात आणि फांसे टाकीत एका कल्पित जगाची कथा पुढें नेतात. पुरोहिताला देव हवा. तो पुरविणारा ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ हा ग्रंथ १९८० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ग्रीक व नॉर्स देवांच्या पंक्तीला आमचे इंद्र, अग्नि, विष्णु आणि काली बसविलेलीं आहेत. प्रत्येकाच्या नांवाखालीं अंक : संरक्षण किती, घाव किती सोसवतील.

वाङ्मय या दृष्टीनें पाहिलें तरी ही मोजदाद निकृष्ट आहे. पुराणांतला बळी हरतो तो बळानें नव्हे, दिलेल्या शब्दानें. हिरण्यकशिपूचें मरण तर वरदानाच्या शब्दांतील फटींत दडलेलें. अंक मांडला कीं ही सारी गंमत संपते, आणि देव म्हणजे एक मोठा राक्षस एवढेंच उरतें.

पण आमचा खरा आक्षेप निराळा आहे. ऑलिंपसच्या देवांचीं देवळें ओस पडून दीड हजार वर्षें लोटलीं. कालीपुढें आजही दिवा लागतो. हा भेद संपादकांना कळला नसेल असें म्हणवत नाहीं, कारण शेजारच्या चर्चमधील ख्रिस्ताला त्यांनीं या यादींत घेतलें नाहीं. संकोच कोठें करावा हें त्यांना ठाऊक होतें. आणखी एक मौज पाहा. लव्हक्राफ्ट आणि मूरकॉक या कथाकारांनीं निर्मिलेल्या देवता पहिल्या मुद्रणांत होत्या. हक्कांचा प्रश्न निघतांच त्या पुढें वगळण्यांत आल्या. कल्पित देवांना मालक होते; कालीला केवळ भक्त होते.

याच्या उलट, पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींचा २०२० सालचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ पाहावा. तो भूमिकांचा खेळ नव्हे, पडद्यावरील साहसाचा आहे. पण देव कोठें ठेवावा याची जाण त्यांत आहे. राजी नांवाची मुलगी असुरांनीं पळविलेल्या भावाच्या शोधार्थ निघते. दुर्गा आणि विष्णु तिच्याकडे पाहत आपसांत बोलतात, आयुधें देतात. खेळणाराच्या हातीं राजी असते, दुर्गा नसते. शेवट मात्र घाईनें गुंडाळला आहे.

इतकें लिहून हात झटकतां येत नाहींत, कारण आमच्या गंजिफेंतही नववा रंग बहुधा बुद्धाचाच असतो. त्याला विष्णूचा अवतार ठरवितांना त्याच्या अनुयायांची संमति कोणी घेतली होती? ज्यांच्या अनुयायांना १९३० सालीं नाशकांत काळारामाच्या दर्शनासाठीं सत्याग्रह करावा लागला, त्या डॉ. आंबेडकरांनीं १९५६ सालीं नागपुरास दिलेल्या २२ प्रतिज्ञांत हें अवतारत्व स्पष्ट शब्दांत नाकारलें आहे. गंजिफेच्या रंगांत अंक लावून कोणाला मारलें नाहीं हें खरें. पण दुसऱ्याचा पूज्य पुरुष आपल्या डावांत, आपल्या क्रमानें बसविला, हेंही तितकेंच खरें.

अशा खेळांचें सूत्र धरणाऱ्या तरुणांनीं आपल्या कल्पित जगाला देवही कल्पितच द्यावे, एवढें आम्ही सुचवितों. कथाकारांना तें साधतें, तर त्यांनाही साधेल. आणि अमेरिकन संपादकांवर कोरडे ओढूं इच्छिणाऱ्या नाशिककरांनीं शहराबाहेरच्या डोंगराकडे एकदां दृष्टि टाकावी. बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेल्या तेथील लेण्यांतील शिलालेखांत डोंगराचें त्रिरश्मि हें नांव आहे. आम्ही त्यांना अजून पांडवलेणीं म्हणतों.