मातीचा तट आणि अभ्यासकाची दृष्टी : शिशुपालगडाच्या निमित्ताने

१३ एप्रिल १९४८ रोजी ओडिशाची नवी राजधानी भुवनेश्वर हिची पायाभरणी झाली. तिचा आराखडा ऑटो क्योनिग्सबर्गर यांनी तयार केला. त्याच वर्षी जुन्या भुवनेश्वराच्या आग्नेयेस शिशुपालगड येथे बी. बी. लाल यांनी उत्खनन केले आणि आखीव रचनेचे एक प्राचीन नगर अभ्यासकांसमोर आले. आज नव्या शहराची घरे या जुन्या नगराच्या तटाच्या आत उभी राहिली आहेत. रोज तेथून जाणाऱ्यालाही समोरचा उंचवटा म्हणजे तट आहे, हे सांगावे लागते. हे दुर्लक्ष केवळ शहरवाढीमुळे झाले काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

शिशुपालगड साधारणतः चौरस असून त्याची प्रत्येक बाजू सुमारे सव्वा किलोमीटर लांब आहे. प्रत्येक बाजूस दोन याप्रमाणे त्यास आठ दरवाजे होते. लाल यांच्या मते हा तट इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी उभारला गेला. पहिल्या टप्प्यातील तट निव्वळ मातीचा होता. त्याचा पाया ११० फुटांहून अधिक रुंद, तर उंची सुमारे २५ फूट होती. पुढे त्यावर जांभ्याच्या मुरुमाचा थर चढला व नंतर विटांच्या भिंती आल्या.

लाल यांचा अहवाल १९४९ मध्ये 'एन्शन्ट इंडिया' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तटाचा छेद घेऊन त्याचे बांधकाम-टप्पे निश्चित करण्याची त्यांची शिस्त आजही अनुकरणीय आहे. मात्र या पद्धतीला एक मर्यादा आहे. छेदातून तटाचा काळ कळतो, त्याचा व्याप कळत नाही. वाचकाच्या स्मरणात जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेला पश्चिम दरवाजा राहतो. सुमारे पाच किलोमीटर लांबीची मातीची रेषा मात्र केवळ पार्श्वभूमी ठरते. २००५ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे आर. के. मोहंती व मोनिका स्मिथ यांनी भूभौतिक सर्वेक्षण आणि उत्खनन यांच्या साहाय्याने नगराच्या अंतर्गत रचनेकडे व सामान्य घरांकडे लक्ष वेधले. संपूर्ण नगर हेच अभ्यासाचे एकक मानण्याची ही दिशा अधिक समावेशक वाटते.

कायद्यात मातीला स्थान नाही, असेही म्हणता येत नाही. १९५८ च्या अधिनियमात प्राचीन स्मारकाच्या व्याख्येत मातीच्या टेकाडाचाही अंतर्भाव आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली व त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित ठरविले. परंतु हे अंतर मोजावयाचे ते संरक्षित सीमेपासून. एखाद्या मंदिराची सीमा सहज आखता येते. नगराची सीमा कोठे धरावी, हे आधी अभ्यासकालाच सांगावे लागते. तो दरवाजापाशी थांबला, तर कायदाही तेथेच थांबण्याचा धोका आहे.

ही उणीव केवळ ओडिशापुरती नाही. आपल्या भाषेत जुन्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' हा नेमका शब्द आहे. शेतकऱ्याला तिची माती ओळखता येते. तरीही गावोगावच्या पांढरीची आणि गढ्यांची माती खणून नेली जाते. आपल्या अभ्यासक्रमांतूनही विद्यार्थ्याला स्तंभ, लेणी व मंदिरे यांची ओळख होते. टेकाड वाचावयास तो क्वचितच शिकतो.

दगडी अवशेष पडला तरी त्याचे चिरे शिल्लक राहतात. मातीचा तट सपाट केला की त्याचा आकार आणि थरांतील पुरावा दोन्ही नष्ट होतात, आणि तेथे काही होते याची खूणही उरत नाही. म्हणून महाविद्यालयीन इतिहास व भूगोल विभागांनी आपल्या परिसरातील अशा उंचवट्यांची एकत्रित नोंद करणे, नकाशावर त्यांची संपूर्ण रेषा दाखविणे आणि ती नोंद जिल्हा प्रशासनाकडे देणे, हे संशोधनाचे प्राथमिक कर्तव्य मानले पाहिजे. ज्याची नोंद नाही, त्याच्या रक्षणाची मागणीही करता येत नाही.