जिंजी आणि वारसायादींतील नांव

सन २०२५ मध्यें युनेस्कोनें १२ दुर्ग ‘मराठा लष्करी भूदृश्यें’ या नांवानें जागतिक वारसायादींत घेतले, हें उचितच झालें. परंतु त्यांपैकीं जिंजीस हें नांव अपुरें पडतें. शिवछत्रपतींनीं १६७७ सालीं घेतलेला व पुढें राजाराममहाराजांस आश्रय देणारा हा दुर्ग १६९८ सालीं मोंगलांनीं घेतला. तेथील वेंकटरमणाचें देवालय नायकांचें, मशीद अर्काटच्या सादतुल्लाखानाच्या नांवाची. नांवाकडे पाहून मराठ्यांच्या तेवढ्याच खुणा राखावयाच्या काय? समासांतील टीप परहस्ताची म्हणून ती खरवडणारा पोथीसंग्राहक आमच्या पाहण्यांत नाहीं. जिंजीहून फ्रेंचांनीं नेलेले दगडी स्तंभ पुदुच्चेरीस समुद्रकांठीं उभे आहेत. त्यांचीही नोंद दुर्गाच्या टिपणांत व्हावी.