बोडके डोके आणि टोपी : मराठी पुरुषाच्या शिरोभूषणाचा केशसंदर्भ

प्रास्ताविक

पुरुषांच्या शिरोभूषणाविषयी मराठीत जी चर्चा होते, ती बहुतांशी जात, प्रदेश आणि राजकीय पक्ष या तीन अंगांनी होते. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१८ मध्ये सत्कारासाठी पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरावी असे शरद पवार यांनी पुण्याच्या सभेत सुचविले, आणि त्यानंतर काही महिने वृत्तपत्रांतून पगडीचे समाजशास्त्र रंगले. या साऱ्या चर्चेत एक साधी बाब नजरेआड राहते. पगडीखाली डोके असते आणि त्या डोक्यावर केस असतात किंवा नसतात.

या बाबतीत लोकांत दोन समज आढळतात. टक्कल पडले की पुरुष टोपी घालू लागतो, हा पहिला. आणि सतत टोपी घातल्याने टक्कल पडते, हा दुसरा. दोन्ही समज परस्परविरुद्ध दिशेने जात असले तरी केस व टोपी यांचा थेट कार्यकारणसंबंध गृहीत धरतात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, महाराष्ट्रापुरते पाहता हा क्रम तपासून घ्यावा लागतो. टकलामुळे टोपी आली असे नसून, टोपी गेल्यामुळे टक्कल ही 'समस्या' म्हणून दिसू लागली. हे म्हणणे भाषेतील शब्दव्यवहार, गांधीजींचे आत्मचरित्र आणि आर. के. लक्ष्मण यांची व्यंगचित्रे यांच्या आधारे पडताळून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

भाषेची साक्ष

मराठीतील 'बोडका' हा शब्द विशेष लक्षणीय आहे. मुंडन केलेले डोके बोडके, तसेच पगडी-टोपी न घातलेले डोकेही बोडकेच. पाने झडलेले झाडही बोडके. केस नसणे आणि शिरोभूषण नसणे या दोन वेगळ्या अवस्थांसाठी भाषेने एकच शब्द पुरेसा मानला. त्याच शब्दाचे स्त्रीलिंगी रूप 'बोडकी' हे केशवपन झालेल्या विधवेसाठी हिणवण्याचा शब्द म्हणून वापरले जाई. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा जो निर्धार केला, त्यामागील क्रौर्याची जाणीव या एका शब्दातही साठलेली आहे. पुरुषाने बोडक्या डोक्याने घराबाहेर पडू नये, असे जुनी माणसे बजावीत. त्यात उन्हाची काळजी थोडी आणि अशुभाची भीती अधिक होती. बोडक्या पुरुषावर त्या दुसऱ्या बोडकेपणाची सावली पडत असे.

दुसरा शब्द 'टोप'. रंगभूमीवर नट जो कृत्रिम केशसंभार चढवितात त्याला आपण केसांचा टोप म्हणतो. आणि जिरेटोप म्हणजे शिरस्त्राण. टोपी हे त्याच शब्दाचे लहान रूप. म्हणजे गेलेले केस परत आणणारी वस्तू आणि डोके झाकणारी वस्तू यांना मराठी एकाच नावाने हाक मारते.

हा शब्दव्यवहार जुन्या क्षौरपद्धतीशी जुळणारा आहे. पेशवाईपासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उच्चवर्णीय हिंदू पुरुषाचे डोके नियमितपणे भादरले जाई. मागे शेंडी व घेरा तेवढा राहत असे. ग्रामीण भागातही न्हाव्याकडून, मराठवाड्यात वारिकाकडून, ठरावीक काळाने डोके तासून घेण्याची रीत होती. त्यावर पागोटे, मुंडासे, पटका किंवा पगडी. अशा समाजात वयोमानाने पडणारे टक्कल कोणाच्या नजरेस पडणार? पंचविशीतला व साठीतला पुरुष, दोघांच्याही डोक्याचा पुढचा भाग वस्तऱ्याने सारखाच केलेला आणि दोघांचेही डोके झाकलेले. निसर्गाने नेलेले केस आणि वारिकाने नेलेले केस यांत भेद करण्याचे प्रयोजनच नव्हते. इंग्रजी वळणाचे केस राखण्याची पद्धत शहरी सुशिक्षितांत रूढ झाली, त्यानंतर टोपीही हळूहळू उतरली, आणि मग मात्र केसांची गळती हा वैयक्तिक दुःखाचा व सार्वजनिक थट्टेचा विषय झाला.

'सत्याचे प्रयोग' : केस आणि टोपी यांचे आत्मकथन

या संक्रमणाचे सर्वांत प्रामाणिक चित्रण, आश्चर्य वाटेल, पण गांधीजींच्या आत्मचरित्रात आहे. १९२५ ते १९२९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा विचार आपण सत्य, ब्रह्मचर्य, आहार या सूत्रांनी करतो. परंतु त्यात डोक्याची एक स्वतंत्र कथा विखुरलेली आहे, तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे वाटते.

विलायतेस निघण्यापूर्वी गांधीजींनी शेंडी कापली. उघड्या डोक्याने वावरताना ती दिसेल आणि इंग्रज लोक हसतील, ही भीती त्यांनीच नमूद केली आहे. म्हणजे शेंडी कापण्याचे कारण धार्मिक अश्रद्धा नसून टोपी काढण्याची इंग्रजी सभ्यता हे होते. जेथे पगडी उतरत नाही तेथे शेंडी कोणाला दिसत नाही. लंडनमध्ये त्यांनी एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली. रोज आरशासमोर उभे राहून टाय बांधण्यात आणि भांग पाडण्यात दहा मिनिटे घालविली. केस राठ असल्याने ब्रशाशी झुंज द्यावी लागे आणि हॅट घातली वा काढली की हात आपोआप केस सारखे करण्यासाठी डोक्याकडे जाई, हे बारीक निरीक्षण त्यांनी स्वतःबद्दल नोंदविले आहे. शिरोभूषण जेव्हा काढण्याची वस्तू होते, तेव्हाच केसांची चिंता जन्माला येते, हे या एका हालचालीत दिसून येते. पगडी बांधणाऱ्याचा हात असा केसांकडे जात नाही.

१८९३ मध्ये दरबानच्या न्यायालयात दंडाधिकाऱ्याने पगडी उतरविण्यास सांगितले तेव्हा ते नकार देऊन बाहेर पडले. इंग्रजी हॅट घालून वाद मिटवावा हा विचार त्यांच्या मनात आला. परंतु हॅट घातली तर लोक तुम्हांला हॉटेलातला वेटर समजतील, असे अब्दुल्ला शेठ यांनी सुनावले. पुढच्या वर्षी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीची शपथ घेताना मात्र त्यांनी पगडी उतरविली. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने केस कापण्यास नकार दिल्यावर त्यांनी आपले केस आपणच कापले, मागची बाजू बिघडली, आणि कोर्टात मित्रांनी विचारले की डोक्यावर उंदीर फिरले काय. पुढे १९१५ मध्ये कुंभमेळ्यानंतर ऋषिकेशला एका स्वामींनी शेंडी व जानवे नसल्याबद्दल खेद व्यक्त केला. गांधीजींनी जानवे नाकारले, शेंडी पुन्हा राखण्याचे मान्य केले. लाजेपोटी कापलेली शेंडी निर्भयतेची खूण म्हणून परत आली.

या पार्श्वभूमीवर 'गांधी टोपी' या नावातील विसंगती अधिक स्पष्ट होते. काकासाहेब कालेलकरांच्या आठवणींनुसार गांधीजींनी या टोपीचा आकार काश्मिरी टोपीवरून घेतला आणि पांढरा रंग निवडला तो मळ लपू नये, टोपी धुतली जावी म्हणून. विचार येथेही डोक्याच्या स्वच्छतेचा आहे. परंतु २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे त्यांनी पंचा स्वीकारला आणि त्यासोबत टोपीही सोडली. पुढील सव्वीस वर्षे भारताने पाहिलेले गांधी हे उघड्या डोक्याचे, विरळ झालेले केस बारीक कापून टाकणारे गांधी होत. ज्यांच्या नावाची टोपी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तीन पिढ्यांनी घातली, त्यांनी आपले टक्कल टोपीखाली ठेवले नाही. लोकांनीही ते टक्कल म्हणून पाहिले नाही. मुंडित यतीचे डोके पाहण्याची जी जुनी दृष्टी होती, तिच्यातून पाहिले.

लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन'

लक्ष्मण यांची रेषा नेमकी याच विसंगतीवर उभी आहे. १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांनी रेखाटलेला सामान्य माणूस धोतर, चौकड्यांचा कोट, झुपकेदार मिशी आणि कानांमागे पांढऱ्या केसांचे दोन झुबके असलेले तुळतुळीत डोके घेऊन वावरतो. त्याच्यासमोरील पुढारी बहुधा गांधी टोपीत असतो. पुढाऱ्याच्या डोक्यावर केस आहेत की नाहीत हे वाचकाला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. टोपी हेच त्याचे डोके. पहिल्या पिढीतील टोपीवाल्या पुढाऱ्यांत त्यागी माणसेही होती, त्यामुळे या चित्रणाला अतिशयोक्ती म्हणता येईल. पण 'टोपी घालणे' हा फसविण्याचा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या वाचकाला त्यातील मर्म समजावून सांगावे लागत नाही. लक्ष्मण यांनी टक्कल थट्टेसाठी वापरले नाही, हे त्यांचे वेगळेपण. आपल्या विनोदी नाटकांत व चित्रपटांत 'टकल्या' हा हमखास हशा मिळविणारा शब्द आहे. लक्ष्मण यांच्या चित्रात हसू टोपीला येते, टकलाला नाही.

मराठवाड्याचे वळण

निजामी राजवटीत या प्रदेशात शिरोभूषणाचा प्रश्न आणखी वेगळा होता. दरबारात दस्तार व बगलूस बांधूनच जावे लागे. शिक्षित वर्गात शेरवानीसोबत रूमी टोपी प्रतिष्ठेची होती. तुर्कस्तानने नोव्हेंबर १९२५ मध्ये कायद्याने ही टोपी हद्दपार केली, तरी हैदराबाद संस्थानात ती १९४८ पर्यंत टिकली. खुद्द मीर उस्मान अली खान यांची जुनी, मळकी रूमी टोपी त्यांच्या काटकसरीच्या आख्यायिकांचा भाग झाली. पोलीस ॲक्शननंतर रूमी टोपी कपाटात गेली, गांधी टोपी कचेऱ्यांत आली. त्या टोपीखालच्या डोक्यांना केस किती होते, याची वाच्यता कोठे नाही. १९५० मध्ये या शहरात मिलिंद महाविद्यालय स्थापन करणाऱ्या डॉ. आंबेडकरांची जी प्रतिमा आज चौकाचौकांत आहे, ती मात्र उघड्या डोक्याची, केस मागे वळविलेली आहे. शिरोभूषणाच्या आकारावरून जात ओळखणाऱ्या समाजात हे उघडे डोके ही स्वतंत्र घोषणा होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

केस जाण्यामुळे टोपी येते असा एक प्रसंग ग्रामीण भागात अजूनही दिसतो, तो मृत्यूचा. दहाव्याला मुलगा मुंडन करतो आणि नातेवाईक टोपी-टॉवेलाचा आहेर करतात. कोऱ्या पांढऱ्या टोपीखालचे गुळगुळीत डोके पाहून बसस्थानकावरचा अनोळखी माणूसही घरी काय घडले ते ओळखतो. ही टोपी मुंडन लपवीत नाही. उलट ते जाहीर करते.

डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्याच्या परिसरातील अठरा गावांत, २७९ जणांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. अनेकांनी उरलेले केसही काढून टाकले, सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. त्या गावांतील आजोबांच्या पिढीने हे दुःख टोपीखाली मुकाट्याने झाकले असते. टोपी न घालणाऱ्या नातवांना ती सोय उरलेली नव्हती. मुलींच्या वाट्याला तर त्यात 'बोडकी' या शब्दाची जुनी धारही आली असणार.

आपल्या महाविद्यालयांच्या आवारात हाच प्रश्न हेल्मेटच्या रूपाने उभा आहे. शहरात २०१६ मध्ये हेल्मेटसक्ती सुरू झाली, तेव्हा विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक ऐकू आलेली तक्रार किमतीची नव्हती. हेल्मेटने केस गळतात, ही होती. वैद्यकशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. पुरुषांचे सर्वसामान्य टक्कल आनुवंशिकता व पुरुषी संप्रेरके यांमुळे पडते. वृषण काढलेल्या पुरुषांत ते पडत नाही हे जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखविले होते. केस दीर्घकाळ ताणून बांधल्यास मुळे दुखावतात. घाम साचून अस्तर न धुतल्यास कोंडा व खाज वाढते. हेल्मेटचे अस्तर धुणे आणि आत सुती रुमाल बांधणे एवढ्याने हा त्रास आटोक्यात येतो. परंतु रस्ता सुरक्षा सप्ताहात आपण विद्यार्थ्यांना दंडाची रक्कम सांगतो, अपघातांची छायाचित्रे दाखवितो. केसांविषयी बोलणे प्राध्यापकाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही असे समजून तो विषय टाळतो. त्यामुळे फाटकापर्यंत हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकविलेले असते, आणि गाडी उभी केल्यावर त्याच आरशात पाहून भांग सारखा केला जातो.