पंडिताबाईंची पत्रे आणि उपदेशकाचे कर्तव्य

मनुष्याची एखाद्या धर्मावर श्रद्धा जडली म्हणजे त्याच्या सर्व शंका फिटल्या, असा एक सार्वत्रिक समज आहे. आमच्या अनुभवास तो उतरत नाही. देव सापडला तरी देऊळ कोणते, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आणि पुष्कळदा पहिल्या प्रश्नापेक्षा हा दुसराच अधिक छळतो. कारण पहिल्याचा निवाडा मनुष्य एकांतात करू शकतो, दुसऱ्याचा निवाडा करताना चार माणसांस दुखवावे लागते.

गेल्या वर्षी आमची एक जुनी विद्यार्थिनी याच अडचणीत आमच्याकडे आली. जन्माने ती ख्रिस्ती. माहेरचे चर्च एक, ज्या घरी विवाह ठरला तेथील दुसरे. आणि तिचे मन दोहोंतही पुरते रमत नव्हते. पाळकांस विचारावे तर ते आपलेच चर्च खरे म्हणणार, आणि वडिलांस विचारावे तर ते रडणार. आम्ही ख्रिस्ती नव्हे आणि धर्मोपदेश हा आमचा व्यवसायही नव्हे. शिक्षकाजवळ देण्यासारखे एकच असते, ते म्हणजे पुस्तक. आम्ही तिच्या हाती पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचा इंग्रजी ग्रंथ ठेवला. देण्यापूर्वी तो स्वतः पुन्हा एकवार वाचला, आणि त्या वाचनातून सुचलेले विचार येथे वाचकांपुढे मांडीत आहो.

हा ग्रंथ सिस्टर जेराल्डीन यांनी संकलित केला आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाने महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो 1977 साली प्रसिद्ध केला. रमाबाईंचे चरित्र बहुतेकांस स्थूलमानाने ठाऊक असते. 1858 साली जन्म, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरी संस्कृताचे शिक्षण, दुष्काळात आईबापांचा मृत्यू, कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या, विवाह, अल्पावधीत वैधव्य, पुण्यास आर्य महिला समाज, आणि 1883 साली विलायतेस प्रयाण. त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी वाँटेज येथे अँग्लिकन जोगिणींच्या आश्रयास असताना रमाबाईंनी व त्यांची कन्या मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. मतांतराचा निश्चय होण्यास फादर नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखणीचे मोठे साहाय्य झाले होते. चरित्रकार बहुधा येथे एक प्रकरण संपवतात. पत्रांचा खरा रस येथूनच सुरू होतो.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंच्या ध्यानात आले, की आपण एका देवाकडे आलो खरे, पण त्याच्या घराला दारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येक दाराशी एकेक द्वारपाल उभा आहे. हाय चर्च, लो चर्च, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथलिक. हिंदुस्थानातील पंथांचा कोलाहल मागे टाकून आलेल्या स्त्रीस येथेही तोच कोलाहल ऐकू यावा, ही केवढी निराशा! आपल्या या वेळच्या संभ्रमाविषयी त्यांनी पुढे 1907 सालच्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने लिहिले आहे.

वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा वाद जडला तो मुख्यतः दोन गोष्टींवरून. पहिली तत्त्वाची: त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रात आपणांस दिसत नाही, तेव्हा तो आम्ही मानणार नाही. दुसरी अधिकाराची: चर्चचे वरिष्ठ सांगतील ते निमूटपणे का ऐकावे? पुरुषांस शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने मायदेशी पुरुषांच्या भर सभांत पुराणे सांगितली, तिला हे बंधन विचित्र वाटले यात नवल नाही. ब्राह्मण पुरोहितांचे जू आपण मोठ्या कष्टाने मानेवरून काढले, ते बिशपांच्या हातून पुन्हा चढवून घेण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ आहे. यांखेरीज लहानसहान कटकटी होत्याच. क्रुसावरील अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नसावी? मांसाहार न करणे हा जातीचा अभिमान कसा? आज वाचताना यांतील काही गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण परक्या देशात, परक्यांच्या अन्नावर राहणाऱ्या विधवेस त्या क्षुल्लक नव्हत्या. आपले म्हणून जे थोडे उरले होते, तेच त्यांत होते.

वाङ्मय या दृष्टीने पाहता या पत्रांचा विशेष त्यांच्या युक्तिवादात आहे. भाषा इंग्रजी, तीही नुकतीच शिकलेली. परंतु मांडणी पाहावी तर थेट शास्त्रार्थाची. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट उतरून घ्यावयाचे, मग त्याचे एकेक कलम सोडवावयाचे, आणि अखेर मूळ ग्रंथाचे प्रमाण मागावयाचे! सिस्टर जेराल्डीन यांनी यास अहंकार म्हटले. आमच्या मते हा शिक्षणाचा परिणाम होय. ज्या घरात शंका विचारणे हेच अध्ययन, त्या घरातील मुलीने शंका विचारली म्हणजे ती उद्धट झाली असे नव्हे. उलट ती विषय मनावर घेऊ लागली असे समजावे. एवढे मात्र खरे, की वादाच्या आवेशात रमाबाईंची लेखणी कधी कधी गरजेपेक्षा धारदार होते, आणि ज्यांनी आश्रय दिला त्यांच्या मनाची जखम त्यांस दिसत नाही.

या ग्रंथात मार्गदर्शकांचे दोन नमुने शेजारी शेजारी उभे आहेत. एक जेराल्डीन. रमाबाई यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत, एवढा दोघींचा जिव्हाळा. दुसऱ्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रमुख डॉरोथिया बील, ज्यांच्याकडे रमाबाई 1884 पासून संस्कृत शिकवीत व स्वतः इतर विषय शिकत. जेराल्डीनबाईंच्या प्रेमाविषयी शंका घेणे पाप होईल. परंतु त्या प्रेमास आज्ञापालनाची अपेक्षा होती. शंका दिसली की त्यांस वाटे, मूल हातचे चालले. बीलबाईंचे म्हणणे निराळे. या स्त्रीस ख्रिस्ती धर्म केवळ इतिहासात घडलेली गोष्ट म्हणून पटणार नाही, तो तत्त्वज्ञान म्हणून तिने तपासला पाहिजे व तिच्या सदसद्विवेकबुद्धीस रुचला पाहिजे, असे त्यांनी ओळखले. त्या स्वतः निष्ठावंत अँग्लिकन होत्या. रमाबाईंनी आपल्याच चर्चमध्ये राहावे ही त्यांचीही इच्छा होती. भेद इतकाच, की ती इच्छा त्यांनी उत्तराच्या जागी ठेवली नाही. एकीने निष्कर्ष दिला, दुसरीने तो काढण्यास अवकाश दिला. उपदेशकाचे कर्तव्य कोणते, याचा याहून स्पष्ट पाठ आम्ही अन्यत्र वाचलेला नाही.

तथापि जेराल्डीनबाईंवर अन्याय होऊ नये. आपल्याविरुद्ध बोलणारी पत्रे त्यांनी जाळली नाहीत, लपवली नाहीत. जपून ठेवली, लावून ठेवली. टिपणांतून त्यांनी आपली बाजू मांडली आहे हे खरे, आणि ती टिपणे काही ठिकाणी फार खटकतात. पण पुराव्याचे कागद प्रतिपक्षाच्या हाती देणारा वादी प्रामाणिकच म्हटला पाहिजे.

पुढे रमाबाईंनी कोणते चर्च निवडले? एका अर्थी कोणतेच नाही. आपणांस ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांस वाटले; आणि केडगावच्या मुक्तिसदनास त्यांनी कोणत्याही एका पंथाचा शिक्का लागू दिला नाही. अखेरची वर्षे मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्यात घालवून 1922 साली त्या निवर्तल्या. ग्रंथाचेच प्रमाण मागणाऱ्या स्त्रीचा हा शेवट तिच्या पत्रांशी सुसंगत आहे.

परंतु एक प्रश्न आम्हांस टाळता येत नाही. जे स्वातंत्र्य त्यांनी वाँटेजला मागितले, ते आपल्या आश्रमातील मुलींस दिले काय? 1893 साली शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात या कारणावरून रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंचे उत्तर असे, की आम्ही प्रार्थनेच्या वेळी आपले दार बंद करीत नाही, आणि येण्याची कोणावर सक्तीही करीत नाही. उत्तर खोटे नाही. पण अनाथ मुलीस आश्रयदात्रीचे उघडे दार म्हणजे काय असते, हे वाँटेजच्या पाहुणीने इतरांपेक्षा अधिक जाणावयास हवे होते. मार्गदर्शक होणे मार्गस्थ होण्याहून कठीण, हेच खरे.

रेव्हरंड टिळकांनीही 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला, म्हणजे ही तळमळ एका रमाबाईंचीच नव्हती. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरास अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट आदी कित्येक पंथ एकत्र येऊन उत्तर भारताचे संयुक्त चर्च स्थापन झाले. द्वारपालांची संख्या काहीशी कमी झाली; प्रश्न मात्र नाहीसा झाला नाही, हे आमच्या विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

तिने तीन महिन्यांनी ग्रंथ परत आणला. कोणते चर्च पत्करले ते तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. इतकेच म्हणाली, की “सर, वडिलांस मी सगळे लिहून कळवले, ते रडले, पण पत्र त्यांनी ठेवून घेतले आहे.” जेराल्डीनबाईंनीही पत्रे ठेवूनच घेतली होती. हा ग्रंथ प्रत्येक सुशिक्षित कुटुंबात वाचला जावा, मग ते कोणत्याही धर्माचे असो. आणि मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांनी तो आधी वाचावा, अशी आमची शिफारस आहे.