‘स्मृतिचित्रे’तील नित्यकर्म आणि ख्रिस्ती ईश्वरसेवेची कल्पना

प्रास्ताविक

नित्याचे काम निष्ठेने करणे हीच ईश्वराची सेवा होय, हा ख्रिस्ती धर्मविचारातील एक महत्त्वाचा सिद्धान्त आहे. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने धर्मगुरूच्या सेवेइतकीच प्रतिष्ठा चांभाराच्या व शेतकऱ्याच्या कामाला दिली. सावता माळी, गोरा कुंभार आणि जनाबाई यांच्या महाराष्ट्राला हा विचार परका नव्हता. तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्ताकडे आलेले रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) हे या दोन्ही परंपरांचे वारसदार होत. तथापि या सिद्धान्ताची खरी कसोटी टिळकांच्या भक्तिपर कवितेपेक्षा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात लागते. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा त्या दृष्टीने विचार करणे येथे अभिप्रेत आहे.

सोवळे ते सेवा

ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे चित्रण येते. तेथेही काम धर्मासाठीच चालते. धुण्याशिंपडण्यात घरच्या बायका शिणून जातात. परंतु त्या श्रमांचा हेतू माणसाचा स्पर्श टाळणे हा आहे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी प्रथम आपले सोवळे सोडले नाही. पुढे जातिभेद ईश्वराने नव्हे, माणसाने निर्माण केला, असा त्यांचा निश्चय झाला आणि त्यांनी खाण्यापिण्यातील विटाळ टाकला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. म्हणजे त्यांचे धर्मांतर आधी स्वयंपाकघरात घडले व मग मंदिरात. हात तेच, चूलही तीच. पण कामाची दिशा माणसापासून माणसाकडे वळली.

खानदेशचा कवी टिळकांच्या घरी

या परिवर्तनाचा एक पुरावा खानदेशशी निगडित आहे. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. पुढे ते अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. या लहरी मुलाचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने सोसले. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्यांना वाढलेल्या ताटामागे धर्मप्रसाराचा हिशेब नव्हता, हे येथे लक्षणीय ठरते. लक्ष्मीबाईंच्या लेखनात श्रद्धेची ग्वाही उपदेशातून मिळत नाही. ती अशा कृतींतून मिळते.

सिद्धान्ताची दुसरी बाजू

असे असले तरी ‘काम हीच सेवा’ हे सूत्र निरपवाद मानता येत नाही. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून करा, हा पौलाचा उपदेश कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात दासांना उद्देशून आला आहे. श्रमाला प्रतिष्ठा देणारे वचन श्रम लादणाऱ्याच्याही सोयीचे ठरू शकते, याची ही सूचनाच होय. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. गरजू दिसला की ते देऊन मोकळे होत, आणि पाहुण्यांना तर सीमाच नव्हती. या औदार्याची किंमत लक्ष्मीबाईंना रिकाम्या डब्यांतून भागवावी लागे. भक्ती एकाची, तिचा भार दुसरीवर, ही विषमता त्या लपवीत नाहीत. त्यांचा विनोद केवळ खेळकर स्वभावाचा आविष्कार मानला जातो. परंतु तो या विषमतेचा चोख जमाखर्चही आहे. सेवेचे श्रेय कोणाला व श्रम कोणाचे, हा प्रश्न त्या हसत विचारतात, म्हणूनच तो टाळता येत नाही.

समारोप

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्याशी येथे तुलना सुचते. १९५२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या त्यांच्या कवितेत शेत, जाते, चूल व देव एकमेकांत मिसळून जातात. लक्ष्मीबाईंच्या गद्यात मात्र काम आणि देव यांच्यामध्ये संसारातील माणसे उभी असतात, आणि त्यांच्याशी न्यायाने वागल्यावाचून देवापर्यंतची वाट पुरी होत नाही. नित्यकर्माला पूजेचे मोल द्यायचे, तर ते कर्म सर्वांनी वाटून घेतले पाहिजे. ‘स्मृतिचित्रे’ हा निष्कर्ष शब्दांत मांडीत नाही. वाचकाला तो काढावयास लावते. ख्रिस्ती अनुभवाचे चित्रण म्हणून या ग्रंथाचे महत्त्व त्यातच आहे.