केप्लरच्या आठ कला

'किती सुंदर थिअरी आहे!' हे वाक्य रिसर्चमध्ये तुम्ही पुष्कळदा ऐकाल. त्याच्या मुळाशी काय असू शकतं हे पाहायचं तर योहान्नेस केप्लरचं 'मिस्टेरियम कॉस्मोग्राफिकम' (१५९६) वाचा. त्याची श्रद्धा अशी: विश्व देवाने रचलं, तेव्हा विश्वाच्या सौंदर्यात देवाचं प्रतिबिंब असणारच. गोलात त्याला ख्रिस्ती त्रैक्य दिसतं. केंद्र म्हणजे पिता, पृष्ठभाग म्हणजे पुत्र, मधली जागा म्हणजे पवित्र आत्मा. तेव्हा ग्रह सहाच माहीत होते. त्यांच्यातल्या पाच अंतरांत त्याने पाच सम घनाकृती बसवल्या.

रचना देखणी, पण चुकीची. पुस्तकाचा खरा दोष म्हणजे अंतरं जुळत नाहीत तिथे केप्लर उपलब्ध आकड्यांवर शंका घेतो, आकृतीवर नाही.

आता 'आस्ट्रोनोमिया नोव्हा' (१६०९) उघडा. मंगळाची वर्तुळाकार कक्षा टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी ८ कलांनी जुळत नाही. म्हणजे फरक अंशाच्या सातव्या भागाहूनही कमी! 'श्रद्धा हरली, डेटा जिंकला' असं आपण सहज म्हणून टाकतो. पण केप्लरचा युक्तिवाद वेगळाच आहे: ब्राहेसारखा निरीक्षक ही देवाचीच देणगी, म्हणून या ८ कलांकडे डोळेझाक करता येत नाही. वर्तुळ गेलं, लंबवर्तुळ आलं.

घनाकृती मात्र त्याने सोडल्या नाहीत. १६२१ च्या आवृत्तीतही त्या आहेत. सौंदर्याने त्याला प्रश्न दिला, उत्तर नाही. तेव्हा डेटा गोळा करण्याआधीच वहीत लिहून ठेवा: कोणता आकडा आला तर मी माझं लाडकं गृहीतक सोडेन?