निर्दोष वाट

सायकलीवरून देशाटन करणाऱ्यांसाठीं इंग्लंडांत जीं मार्गदर्शक पुस्तकें निघतात, त्यांतील बहुतेकांत मार्गाच्या नांवाखालीं एक विशेषण हटकून आढळतें : 'वाहनविरहित'. मोटार नाहीं, मालट्रक नाहीं, कर्णा नाहीं, धूर नाहीं. वाटेवर आहे काय, हें त्यानंतर. आणि तेंहि बहुधा दोन ओळींत. हें वाचतांना आम्हांस आपल्याकडील एका जुन्या वादाची आठवण होते. मम्मटानें काव्याचें लक्षण करतांना शब्दार्थांस जीं विशेषणें लाविलीं, त्यांत अग्रपूजेचा मान निर्दोषतेस दिला. आणि विश्वनाथानें 'साहित्यदर्पणां'त त्यास तेथेंच अडविलें. दोष नसणें हीच कसोटी धरली तर काव्य जगांत सांपडणेंच कठीण, आणि किडीनें पोखरलें म्हणून रत्नाचें रत्नपण जात नाहीं, असा त्याचा आक्षेप. वाहनांचा अभाव हा वाटेचा गुण, कीं केवळ दोषाभाव? ज्या वाटेचा सर्वत्र गौरव होतो, तिच्यांत रस आहे काय? काव्याला लावावयाचा हा प्रश्न एका वाटेला लावणें कोणास विक्षिप्तपणाचें वाटेल. पण वाट हीहि कोणीतरी केलेली रचनाच असते, आणि रचना म्हटली कीं टीकाकाराचा तिच्यावर हक्क पोंचतो.

आमच्यापुढें आहे ती डर्बीशायरमधील मॉन्सलची वाट. मिडलंड रेल्वेनें डोंगर फोडून वाय नदीच्या खोऱ्यांतून जो लोहमार्ग नेला, तो १८६३ सालीं बक्स्टनपर्यंत पोंचला. १९६८ सालीं या खोऱ्यांतील गाड्या थांबल्या. पुढें रुळांच्या जागीं पायीं चालणाऱ्यांसाठीं व सायकलस्वारांसाठीं वाट झाली ती १९८१ सालीं. परंतु बोगद्यांचीं तोंडें बंदच होतीं, आणि प्रत्येक बोगद्यापाशीं वाटसरूस डोंगराच्या उरावरून वळसा घ्यावा लागे. सायकल घेऊन तो वळसा घेणें म्हणजे सायकलीनेंच आपल्यावर स्वार होणें. २०११ च्या मे महिन्यांत मोठे चार बोगदे दिवे लावून खुले झाले, तेव्हां कोठें ही साडेआठ मैलांची वाट सलग झाली.

या लोहमार्गाचा पहिला टीकाकार मोठा नामांकित होता. आपल्या वाचकांस रस्किन परिचित आहे तो गांधीजींच्या 'सर्वोदया'च्या नात्यानें. त्यानें १८७१ सालीं 'फोर्स क्लाव्हिजेरा' या आपल्या पत्रमालेंत या रेल्वेवर जळजळीत टीका केली. देवांनीं वास करावा असें हें खोरें तुम्हीं सुरुंग लावून फोडलें, तें कशासाठीं? तर बक्स्टनच्या मूर्खांना अर्ध्या तासांत बेकवेलला जातां यावें आणि बेकवेलच्या मूर्खांना बक्स्टनला, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. आज त्याच मॉन्सलच्या खोऱ्यांतला पांच कमानींचा पूल संरक्षित वास्तु ठरला आहे, आणि माथ्यावर उभे राहून लोक त्याचींच छायाचित्रें घेतात. रस्किन चुकला काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. त्याचा राग पुलाच्या दगडांवर नव्हता. मनुष्यानें जागेवर पाऊल न टेकतां तिच्यांतून निसटून जावें, या घाईवर होता. गाडी गेली, पूल राहिला, आणि त्याच पुलावरून माणूस आतां आपल्या पायांच्या बळावर सावकाश जातो. टीकाकाराचा मुद्दा शंभर वर्षांनीं मान्य झाला, आणि तोहि प्रतिपक्षाच्याच खर्चानें!

आतां रचनेकडे वळूं. ही वाट सायकलीसाठीं आंखलेली नाहीं. ती एंजिनाच्या सोयीसाठीं आंखलेली आहे. एंजिनास चढ मानवत नाहीं, म्हणून अभियंत्यानें टेकडी आली तेथें भोंक पाडलें, दरी आली तेथें पूल घातला, आणि उंचवटा आला तेथें तो मधोमध चिरला. त्याचा परिणाम असा, कीं बेकवेलकडून निघालेला स्वार मैलोगणती चढत असतो आणि त्यास तें कळत नाहीं. परततांना मात्र सायकल आपसूक धांवूं लागली म्हणजे उलगडा होतो. हा आनंद खरा, पण पुष्कळ वेळ चालला तर तो एकसुरी होतो. सगळें काव्य एकाच मात्रावृत्तांत बांधलें म्हणजे कान जसा सुस्तावतो, तसे येथें पाय सुस्तावतात. या सुस्तीतून वाटेस वांचवितात ते बोगदे. बाहेर ऊन, चुनखडीचे पांढरे कडे, खालीं नदीचें वळण. आणि पुढच्या क्षणीं अंगावर गार ओल, भिंतींवरचें काजळ, आपल्याच चाकांचा कितीतरी मोठा झालेला आवाज. साडेतीनशें ते पांचशें मीटरांचा तो अंधार मंद दिव्यांत ओलांडून बाहेर यावें तों समोर अगदीं निराळी दरी. मॉन्सलच्या बाजूनें हेडस्टोनच्या बोगद्यांतून बाहेर पडून स्वार एकदम त्या पांच कमानींच्या पुलावर येतो, तेव्हां आम्हीं तर खालीं उतरून सायकल कठड्यास टेकविली. ही योजना कोणा कवीनें केलेली नाहीं. किफायत पाहणाऱ्या कंपनीनें केलेली आहे. तरी तिच्यांत अद्भुताची निष्पत्ति होते, आणि ती होते याचें कारण मोटारींचा अभाव हें नव्हे, हें आम्हांस आवर्जून सांगावयाचें आहे. अभावानें फार तर मन मोकळें होतें; तें भरावें लागतें दुसऱ्या कशानें तरी.

येथवर स्तुति झाली. या वाटेचा मोठा दोष असा, कीं तींत माणसें नाहींत. माणसें पुष्कळ भेटतात, पण तीं सगळीं आपल्यासारखीं हौसेनें आलेलीं. लोहमार्ग गांवाच्या अंगणांतून जात नाहीं. तो गांवाच्या पाठीमागून, वरून किंवा खालून निघून जातो. वेल्सनें १८९६ सालीं 'द व्हील्स ऑफ चान्स' ही कादंबरी लिहिली, तिचा नायक कापडाच्या दुकानांतला एक सामान्य नोकर. वर्षांतून मिळणारी दहा दिवसांची सुटी घेऊन तो सायकलीवर निघतो, आणि जें कांहीं घडतें तें रस्ता सर्वांचा आहे म्हणून घडतें. खाणावळ, चौक, पडणें, वाट चुकणें, आणि आपल्या पायरीबाहेरच्या माणसांशीं गांठ पडणें. जेरोमचे तिघे मित्र १९०० सालच्या 'थ्री मेन ऑन द बमेल'मध्यें जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टांत हिंडतात, त्यांचाहि सारा विनोद रस्त्यावरच्या माणसांवर उभा आहे. तेव्हांचे रस्तेहि जवळजवळ मोटाररहितच होते. पण त्या काळीं त्याचें कोणास कौतुक नव्हतें. तो रस्ता रिकामा नव्हता. मोटारीनें आधीं रस्त्यावरचीं माणसें हांकलून लाविलीं, आणि आतां आपण मोटार वगळून रस्ता मागतों, तेव्हां माणसें परत येत नाहींत. मराठींत 'चाकोरी' शब्दाचे दोन अर्थ आहेत, ते दोन्ही येथें लागू पडतात.

एका ठिकाणीं मात्र वाट आपली तंद्री मोडते. कड्याच्या पोटाशीं, नदीकांठीं लिटनची जुनी गिरणी दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अनाथ मुलांना उमेदवार म्हणून आणून येथें जें राबविलें गेलें, त्याची हकीकत रॉबर्ट ब्लिंको या त्यांतल्याच एकाच्या चरित्रांतून १८३२ सालीं पुस्तकरूपानें बाहेर आली. रस्किनचे देव याच खोऱ्यांत राहत होते काय, असा प्रश्न आमच्या मनांत आला. रस्किन रेल्वेवर कडाडला. पण हें खोरें रेल्वेपूर्वींच एकदां विटाळलें गेलें होतें, आणि तो विटाळ डोळ्यांस दिसणारा नव्हता. मार्गदर्शक पुस्तकांत शेजारच्या उपाहारगृहाची माहिती जितकी असते, तितकी या मुलांची असती तर त्या पुस्तकांवर आमचा इतका राग झाला नसता.

तथापि एका गोष्टीपुढें आमचा टीकाकारी ताठा थोडा नरमला, हें कबूल केलें पाहिजे. हॅसॉपच्या जुन्या स्टेशनांत आतां पुस्तकें व चहा मिळतो, आणि सायकली भाड्यानें मिळतात. तेथें आम्हीं पाहिलें तें असें : सहा-सात वर्षांची एक मुलगी पुढें, आणि तिच्यामागें बहुधा तिची आजी. दोघींनाहि सायकल नुकतीच येऊं लागलेली असावी. दोघी सारख्याच डगमगत होत्या, आणि आजी हंसत होती. साध्या रस्त्यावर हें दृश्य दिसणें शक्य नाहीं. तेथें ती आजी हंसली नसती, मुलीचा दंड घट्ट धरून उभी राहिली असती. विश्वनाथाच्या बाजूनें वाद करणें सोपें आहे, पण तो वाद ज्यास चालतां येतें त्याचा आहे. ज्याच्या जिवास भय आहे, त्यास निर्दोषता हाच पहिला गुण वाटतो, आणि मम्मटानें तो शब्द आरंभीं कां घातला असेल, याचा एक अर्थ आम्हांस त्या दुपारीं लागला.

उरला तो वाटेच्या शेवटाचा प्रश्न, आणि येथें आमची तक्रार कडक आहे. दूरच्या प्रवासास निघालेल्या स्वारास साडेआठ मैल म्हणजे एक अध्याय, ग्रंथ नव्हे. पश्चिमेकडे वाट ब्लॅकवेल मिलपाशीं संपते, आणि बक्स्टन तेथून सुमारें तीन मैल राहतें. पुढें ए-सहा हा हमरस्ता, त्यावर खाणींतले दगड वाहणारे ट्रक. म्हणजे रस्किननें ज्यांची थट्टा केली त्या बक्स्टनच्या रहिवाशांस आज या वाटेनें बेकवेलला जावयाचें, तर आधीं मृत्यूशीं ओळख करून घेतली पाहिजे. त्यांत रेल्वे पुन्हा सुरू करावी असें म्हणणारी मंडळी आहेतच. त्यांचें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. गाडी आली तर या खोऱ्यांत येणाऱ्या कित्येक मोटारी घरीं राहतील. कारण ज्याचा उच्चार पुस्तकें करीत नाहींत तें असें, कीं या वाहनविरहित वाटेवर येणारे बहुतेक लोक वाहनांतून येतात. मिलर्स डेलच्या स्टेशनाबाहेर आम्हीं पाहिलें : मोटारींची दुहेरी रांग, प्रत्येकीच्या पाठीवर दोन-दोन, तीन-तीन सायकली बांधलेल्या, आणि जागा नाहीं म्हणून रस्त्याच्या कडेला एंजिन चालू ठेवून थांबलेले आणखी कांहीं.